सहल दोघांची, सांगणारा एकच

इंग्लंडमधल्या डर्बीच्या मॉरिस आणि मॅरलिन बेली या नवरा-बायकोने 1974 मध्ये आपल्या प्रवासाचं पुस्तक काढलं. मॉरिस छापखान्यात जुळारी होता, मॅरलिन करखात्यात कारकून. दोघांपैकी कोणी लेखक नव्हतं आणि पुस्तकात भाषेची काही करामत आहे असंही नाही. तरी पन्नास वर्षांनंतर ते हातात घेतलं की सुटत नाही, याचं निम्मं श्रेय घडलेल्या गोष्टीला आणि निम्मं त्याच्या मांडणीला. थोडा भाग मॉरिसने सांगायचा, मग मॅरलिनने, मग पुन्हा मॉरिसने. वर्ष तेच, बोट तीच, सांगणारे मात्र दोन.

आपल्याकडे डिसेंबर उलटता उलटता 'यंदा कुठे कुठे जाऊन आलो' याचे हिशेब घरोघरी निघतात. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एखादे काका 'आमची युरोप सहल' या विषयावर तासभर बोलतात. काकू पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. मधेच त्या म्हणतात, "अहो, ते झुरिक नव्हे, ल्युसर्न." सभागृह हसतं, काकाही हसतात आणि पुढच्या फोटोकडे वळतात. सबंध कार्यक्रमात काकूंचा वाटा तेवढ्या एका दुरुस्तीचा. प्रवास दोघांनी केला असेल तर तो दोघांकडून ऐकला पाहिजे, आणि एकाच तोंडून आलेली हकिगत अर्धी धरली पाहिजे. ही मागणी तशी साधी आहे, पण आपल्या घरांत, सभांत आणि दिवाळी अंकांत ती क्वचितच पुरी होते.

बेलींचं वर्ष थोडं तपशिलात पाहण्यासारखं आहे. दोघांनी राहतं घर विकलं, त्या पैशातून बोट उभी केली आणि दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून तिला 'ऑरलिन' म्हटलं. जून 1972 मध्ये त्यांनी साउथॅम्प्टन सोडलं. न्यूझीलंडला जायचं आणि जमलं तर तिथेच नवा संसार मांडायचा, असा बेत. स्पेन, पोर्तुगाल, मादेरा, कॅनरी बेटं, मग अटलांटिक ओलांडून कॅरिबियन, तिथून पनामा कालवा. इथवरचं सगळं कोणाही दर्यावर्दीने हेवा करावा असं. 4 मार्च 1973 च्या पहाटे, गालापागोस बेटांच्या वाटेवर असताना, एका जखमी देवमाशाची धडक बोटीला बसली. बुडाशी भोक पडलं आणि तासाभराच्या आत ऑरलिन बुडाली. हाती उरला एक रबरी तराफा, त्याला बांधलेली हवेची छोटी होडी, काही डबाबंद अन्न आणि थोडं पाणी.

बोटीवर संदेश पाठवायचा रेडिओ नव्हता. बाहेरच्या जगाची ढवळाढवळ नको म्हणून तो घ्यायचा नाही, हा आग्रह मॉरिसचा. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. एकाच्या हट्टाची किंमत दोघं मोजतात असा प्रसंग कुठल्या संसारात येत नाही? इथे फक्त किंमत जिवाची होती.

पुढचे 117 दिवस ते पॅसिफिकमध्ये वाहत राहिले. डबे संपत आल्यावर मॅरलिनने सेफ्टी पिना वाकवून गळ केले आणि त्यावर मासे पकडले. कासवं हाताने ओढून घेतली, समुद्रपक्षी पकडले, पावसाचं पाणी साठवलं. वहीच्या कागदातून पत्ते आणि डॉमिनोच्या सोंगट्या कापल्या आणि दोघं खेळत बसले. एका कासवाला दोरी बांधून त्याच्याकडून तराफा ओढून घेण्याचाही प्रयोग झाला. तो जमतोय असं वाटल्यावर जोडीला दुसरं कासव बांधलं, तर ते उलट दिशेला निघालं. सात जहाजं दिसली आणि दोघांना न पाहता निघून गेली. मॉरिस आजारी पडला, मनाने खचला. मॅरलिन मात्र वहीत पुढच्या बोटीचे आराखडे काढत होती, परत गेल्यावर कोणाला जेवायला बोलवायचं आणि काय रांधायचं याच्या याद्या लिहीत होती. 30 जून 1973 ला 'वोल्मी 306' या दक्षिण कोरियाच्या मासेमारी जहाजाने त्यांना वर घेतलं, तेव्हा दोघांचीही वजनं प्रत्येकी सुमारे 18 किलोंनी उतरली होती. उभंही राहवत नव्हतं.

हे सगळं एकट्या मॉरिसने लिहिलं असतं तर? अक्षांश-रेखांश मिळाले असते, वाऱ्याची दिशा मिळाली असती, निसटलेल्या जहाजांची नोंद मिळाली असती. याद्या, पत्ते आणि भावी बोटीचे आराखडे बहुधा दोन ओळींत आटपले असते. एकट्या मॅरलिनने लिहिलं असतं तर नवऱ्याचं खचणं तिने झाकून नेलं असतं, बायका नेतात तसं. पण दोघांनी आळीपाळीने लिहिल्यामुळे मॉरिसला आपली कमजोरी स्वतः सांगावी लागली आणि त्याने ती सांगितली. आपल्याला जगवलं ते बायकोच्या चिवटपणाने, हे त्याच्या भागांतून कळतं. सोफी एल्महर्स्ट या पत्रकार बाईंनी 2024 मध्ये याच जोडप्यावर पुस्तक लिहिलं, त्याला नीरो पुरस्कारांत त्या वर्षीच्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. त्यांना हा संसार इतक्या जवळून पाहता आला, कारण मूळ जबान्या दोन होत्या.

आणि हो, तराफ्यावर आखलेली ती दुसरी बोट खरोखर झाली. 'ऑरलिन दुसरी' घेऊन दोघं पॅटागोनियापर्यंत जाऊन आले.

आता मराठीकडे येऊ. इथे एक गंमत आहे. या बाबतीत आपली सुरुवात फार चांगली झाली होती. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 चं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह आलेलं. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. या पुस्तकाकडे आपण थोर पुरुषाच्या पत्नीने वाहिलेली श्रद्धांजली म्हणून पाहतो. पण त्यातला मोठा भाग फिरतीचा आहे. न्यायमूर्तींची नोकरी बदल्यांची आणि दौऱ्यांची होती, आणि रमाबाई बरोबर असत. 1886 मध्ये सरकारने रानड्यांना वित्त समितीवर नेमलं आणि दोघांचं बिऱ्हाड सिमला, कलकत्ता असं हललं. पुण्याच्या वाड्यात सासरच्या बायकांचे टोमणे खात इंग्रजी शिकलेली चोविशीतली मुलगी आता देशाच्या राजधानीत नवऱ्याबरोबर दोघांचंच घर चालवत होती.

त्या कलकत्त्याच्या मुक्कामातला एक प्रसंग त्यांनी टिपला आहे. न्यायमूर्तींनी बंगाली शिकायला घेतलं. पुस्तकं आणली आणि सकाळी दाढी करून घेताना न्हाव्यासमोर मोठ्याने वाचायला लागले. शब्द अडला की न्हाव्याला विचारायचं, उच्चार चुकला की न्हाव्याने सुधारायचा. आतून ऐकणाऱ्या रमाबाईंना कोणीतरी भेटायला आलंय असं वाटलं, आणि खरा प्रकार कळल्यावर त्यांनी नवऱ्याची थट्टा केली. त्यावर न्यायमूर्तींनी चोवीस गुरू करणाऱ्या दत्तात्रेयाचा दाखला दिला. पुढे बायकोलाही बंगाली शिकवलं.

वित्त समितीच्या कागदपत्रांत हा न्हावी कुठून येणार? रानड्यांनी स्वतः लिहिलेल्या अर्थशास्त्रावरच्या निबंधांत आणि मराठ्यांच्या इतिहासातही तो यायचं कारण नाही. सरकारी दृष्टीने 1886 म्हणजे वेतनं, खर्चकपात आणि प्रांतांचे वाटे. रमाबाईंनी लिहिलं नसतं तर दाढीला साबण लावलेला, परक्या लिपीत अडखळणारा हा रानडे आपल्याला कधी भेटलाच नसता. अर्थात इथेही जबानी एकच आहे. रमाबाईंची आहे, न्यायमूर्तींची नाही. सिमल्या-कलकत्त्याच्या त्या दिवसांबद्दल आणि बरोबर असलेल्या बायकोबद्दल त्यांना काय वाटत होतं हे आपल्याला फक्त तिच्याच तोंडून कळतं. म्हणजे हे गाऱ्हाणं फक्त बायकांच्या बाजूचं नाही.

त्यानंतर मराठी प्रवासवर्णन बहरलं ते पु. ल. देशपांड्यांच्या हातून. आकाशवाणीत असताना दूरचित्रवाणीचं शिक्षण घ्यायला ते इंग्लंडला गेले, सुनीताबाई बरोबर होत्या. त्यातून 1960 मध्ये 'अपूर्वाई' आली, शि. द. फडणिसांच्या चित्रांसह. पूर्वेकडच्या फेरीतून 1963 मध्ये 'पूर्वरंग' आला. ही पुस्तकं वाचून दोन पिढ्या हसल्या आणि तिसरी मोबाइलवर ऐकून हसते आहे. त्यांच्या गुणांबद्दल वाद नाही. पण सुनीताबाई तिथे भेटतात त्या पु.लं.च्या नजरेतून. जहाजावर, लंडनच्या थंडीत, पॅरिसच्या रस्त्यांवर त्यांनी स्वतः काय पाहिलं, काय आवडलं, कशाचा कंटाळा आला, याचं त्यांच्या लेखणीतून त्या वेळी काहीच आलं नाही. त्या लिहू शकत नव्हत्या असं म्हणायची सोय नाही. 1990 मध्ये 'आहे मनोहर तरी' आलं आणि महाराष्ट्र दचकला. इतकी धारदार, स्वतःलाही न सोडणारी लेखणी या घरात तीस वर्षं होती! दचकणाऱ्यांतले निम्मे तर त्यांच्यावर रागावलेच. पु.लं.बद्दल बायकोने असं लिहावं का, हा प्रश्न तेव्हा फार जणांनी विचारला. 'अपूर्वाई'च्या जोडीला एक 'अपूर्वाई' सुनीताबाईंची असती तर आपलं प्रवासवाङ्मय कुठल्या कुठे गेलं असतं, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडला नाही.

मोठ्यांची उदाहरणं सोडा. साध्या घरातली सहल कशी होते ते पाहा. तारखा ठरतात त्याच्या रजेवर किंवा निवृत्तीनंतरच्या सवडीवर. टूर कंपनीच्या कार्यालयात तो जातो, पैसे तो भरतो, व्हिसाचे कागद तो जमवतो, आणि हे सगळं कष्टाचंच काम आहे. तिची सहल त्याच्या पंधरा दिवस आधी सुरू होते. दूध आणि पेपर बंद करायला सांगायचं, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या वहिनींना किल्ली द्यायची, सासूबाईंना नणंदेकडे पोचवायचं, फ्रीज रिकामा करायचा. चिवडा, दशम्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळ-रात्रीच्या वेगवेगळ्या पुड्यांत, वर बॉलपेनने तारखा घातलेल्या. परत आल्यावर तो फोटो लावत बसतो, ती दोन बॅगांचे कपडे मशीनला लावते. कामवालीने नेमका त्याच दिवशी खाडा केलेला असतो.

म्हणून दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातच खरी मजा आहे. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला त्याला आठवते ती उंची, 3454 मीटर, युरोपातलं सर्वांत उंचावरचं रेल्वे स्टेशन. तिला आठवतं की तिथे त्याला दम लागला, चेहरा पांढरा पडला, आणि बर्फ बघायला बाहेर न पडता दोघं आतल्या बाकावर वीस मिनिटं हात धरून बसली. त्याच्या भाषणात हे येत नाही. त्यात लबाडी आहे असं नाही. पुरुषाने घाबरल्याचं सांगायचं नसतं, एवढं त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. सहलीच्या कर्जाचे हप्ते आणि घरापासून लांब एखाद्याला काही झालं तर, ही धास्ती त्यालाही असते. ती कुठल्याच हकिगतीत येत नाही, कारण तो सांगत नाही आणि तिला कोणी विचारत नाही.

उलट बाजूनेही पाहावं. तिच्या आठवणी म्हणजे नुसती कामांची यादी नसते. सकाळी उठल्यावर चहा आयता मिळाला, तोही रोज, याचं तिला वाटलेलं अप्रूप आयफेल टॉवरपेक्षा मोठं असू शकतं. सांगायची संधी मिळाली तर ती हे रंगवून सांगते. महाराष्ट्रातल्या टूर कंपन्यांनी खास महिलांच्या सहली काढल्या आणि त्या जोरात चालल्या, त्यातून परतलेल्या बायकांना बोलताना ऐकावं. याच त्या पहिल्या रांगेत बसून दुरुस्त्या करणाऱ्या काकू. शेजारी काका नसले की त्या तासभर थांबत नाहीत.

कोचीच्या के. आर. विजयन आणि मोहना या जोडप्याची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 'श्री बालाजी कॉफी हाऊस' नावाचं छोटंसं चहाचं दुकान. रोजच्या गल्ल्यातून तीनशे रुपये बाजूला टाकायचे, कमी पडले तर कर्ज काढायचं, जग बघून यायचं आणि पुन्हा दुकानात उभं राहून ते फेडायचं. 2007 पासून त्यांनी असे पंचवीसहून अधिक देश पाहिले. विजयन गेले ते नोव्हेंबर 2021 मध्ये, रशियाहून परतल्यावर थोड्याच दिवसांनी. त्यांची गोष्ट बहुधा 'इच्छा तिथे मार्ग' या थाटात सांगितली जाते आणि तिथेच संपवली जाते. तिचा महत्त्वाचा भाग दुसराच आहे. दुकानात दोघं राबत, कर्जाचा भार दोघांवर असे, आणि विमानातून उतरल्यावर भांडी दोघांची वाट पाहत असत. सहलीआधीचं आणि नंतरचं काम जिथे दोघांचं असतं, तिथे आठवणीही दोघांच्या होतात. त्यांच्या दुकानात चहा प्यायला येणाऱ्यांसमोर सांगायला उभी असलेली माणसं दोन होती.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "तिला बोलायला आवडत नाही हो." आवडत नाही, की कधी विचारलंच नाही? मॅरलिन बेली करखात्यात आकडे लिहीत होती, तिला तरी लिहायची सवय कुठे होती? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. दोघांच्या हकिगती समोरासमोर आल्या तर विसंगती निघतील, जुनी भांडणं उकरली जातील. निघू द्यावीत. व्हेनिसला रस्ता कोणामुळे चुकला यावर परतल्यावरही वाद चालू असेल, तर त्या सहलीत काहीतरी घडलं होतं असं समजावं. ज्या वर्षाबद्दल दोघांचं सगळंच जुळतं, ते बहुतेक एकानेच सांगितलेलं आणि दुसऱ्याने मान डोलावून मान्य केलेलं असतं.

दोघांपैकी एक कधीतरी मागे उरतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. मॅरलिन 2002 मध्ये गेली. मॉरिस त्यानंतर सोळा वर्षं एकटा जगला. तोवर त्या पुस्तकात तिचे भाग तिच्या शब्दांत पक्के झाले होते; त्याला आठवून, अंदाजाने भरून काढायची वेळ आली नाही. आपल्याकडे किती घरांत फोटोंचे अल्बम आहेत आणि त्यातल्या एकाचं म्हणणं कायमचं गेलं आहे. शंभर फोटो असतात, त्या फोटोंत ती हसत असते आणि त्या दिवशी तिला खरं काय वाटलं होतं ते मुलांनाही माहीत नसतं.

दिवाळी अंकांच्या संपादकांचं काम दरवर्षी उन्हाळ्यातच सुरू होतं. त्यांनी प्रवासलेख मागवताना, लेखक सपत्नीक किंवा लेखिका सपतीक गेली असेल तर, पानं दोघांत वाटून मागावीत. मजकूर एकमेकांना न दाखवता लिहिलेला असावा अशी अट घालावी आणि दोन्ही भाग न जुळवता, विसंगतींसकट छापावेत. ज्येष्ठ नागरिक संघांनी व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडाव्यात आणि दोन माइक ठेवावेत. घरच्यांना तर एवढाही खटाटोप लागत नाही. या रविवारी जेवणं झाली की बाबांचे फोटो पाहून घ्या, मग मोबाइल बाजूला ठेवा आणि आईला विचारा, तिथे तू काय केलंस? आणि ती बोलत असताना बाबांना मधे बोलू देऊ नका.